गॅस भरण्याआधी पंखा बघा

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीत एक संवाद हमखास होतो. द्रुतगती मार्गावर "जरा कमी कर रे, गारठले मी" म्हणणारी आई वाकडच्या कोंडीत थोडा वेळ अडकली, की पदराने वारा घ्यायला लागते. "एसी बंद केलास का?" एसी चालूच असतो. बटण तेच, ब्लोअर चारवर, पण व्हेंटमधून येते ती कोमट हवा. कोंडी सुटून गाडीने वेग घेतला की पुन्हा गारेगार.

हे गाऱ्हाणं घेऊन गॅरेजमध्ये गेलात, तर बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं. "गॅस कमी झालाय, साहेब. भरून टाकू." पैसे द्यायचे, चार दिवस बरे जातात, आणि पुढच्या कोंडीत परत तीच रड. उन्हाळ्यात हा गॅस भरण्याचा धंदा तेजीत असतो. माझं म्हणणं एवढंच, की जो एसी हायवेला गार आणि सिग्नलला गरम, त्याच्या बाबतीत संशयित नंबर एक गॅस नाही. तो पुढच्या जाळीमागे बसलेला पंखा आहे.

गाडीच्या आतली उष्णता गॅस शोषून घेतो आणि ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पुढे उभ्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या जाळीत, बाहेर टाकतो. बाहेर टाकायची तर गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असायला हवा, म्हणून कॉम्प्रेसर त्याला दाबून ५५-६० अंशांपर्यंत नेतो. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा या जाळीतून आपोआप घुसतो. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. त्यात हवामान खात्याचे ४० अंश हे सावलीतले, जमिनीपासून वर बसवलेल्या हवेशीर पेटीतले. तुमच्या कंडेन्सरच्या नशिबी तापलेल्या डांबरावरची आणि पुढच्या बसच्या धुराड्यातली हवा असते. पंखा जरा जरी मंदावला तरी गॅसचं प्रेशर चढतं, थंडावा घटतो, आणि प्रेशर फारच वाढलं तर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो.

दुसरी अडचण इंजिनाची. कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो. हायवेला इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर, सिग्नलला आठशेच्या आसपास. म्हणजे काम सर्वात जास्त तेव्हा कामगार सर्वात सुस्त. (१९३९ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली, तेव्हा तो बंद करायला आत बटणच नव्हतं. इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! आपली तक्रार त्या मानाने किरकोळ.) बॅटरीवरच्या गाडीत कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे तिला आरपीएमची ही भानगड नाही, कंडेन्सरला वारा मात्र तिलाही लागतो.

मग घरच्या घरी काय बघायचं? गाडी सावलीत उभी करून इंजिन आणि एसी चालू करा, बॉनेट उघडा. थोड्याच वेळात पंखा सुरू झाला पाहिजे. हात आत घालू नका, तो न सांगता फिरायला लागतो. काही गाड्यांत पंखे दोन असतात. एक फिरताना दिसला म्हणून समाधान मानायचं नाही. आणि नुसतं फिरणंही पुरेसं नाही, हवा ओढली पाहिजे. पुढच्या जाळीला वर्तमानपत्राचा कागद लावून बघा, बहुतेक गाड्यांत तो चिकटून राहायला हवा. गळून पडला तर मोटर थकली आहे, किंवा नवी मोटर बसवताना वायरी उलट जोडल्याने पंखा उलटाच फिरतोय. हेही घडतं. पंखा अजिबात फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले. कंडेन्सरच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही.

पंखा ठणठणीत असेल तर पाण्याचा प्रयोग करा. इंजिन चालू ठेवून कंडेन्सरवर हळू धारेने पाणी सोडा. मिनिटाभरात व्हेंटची हवा गार झाली, तर गॅस निर्दोष ठरण्याची शक्यता मोठी. जाळी धुळीने, किड्यांनी, गेल्या पावसाळ्यातल्या चिखलाने बुजली आहे. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेला कचरा समोरून दिसत नाही, आणि वॉशिंग सेंटरवाल्याचा जोरदार फवारा तिथे घालायचा नाही; पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. हौसेने बसवलेली जादा जाळी, मोठाले दिवे, हे सगळं त्या वाऱ्याच्या वाटेतलं अतिक्रमण.

उलट, न्यूट्रलमध्ये इंजिन दीड-दोन हजारांवर नेल्याबरोबर हवा गार होत असेल, तर कॉम्प्रेसर थकलेला किंवा गॅस खरोखर कमी. पण गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्याला कमी होत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, तेव्हा तो हवेत सोडत राहणं परवडणारं नाही. गंमत म्हणजे जास्त भरला तरी एसी सिग्नललाच आधी मान टाकतो, कारण प्रेशर आधीच चढलेलं. छोट्या गाडीत तो अर्ध्या किलोच्या आतबाहेर लागतो. नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. अंदाजाने भरायची वस्तू नव्हे ती.

हवा गार आहे पण कमी येते, ही तक्रार वेगळी. तिथे डॅशबोर्डमधला फिल्टर बदला.

राहता राहिली उन्हात तापलेली गाडी. आधी काचा उघडून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. कोंडीत ते चुकूनही बंद ठेवू नका.

एवढं करूनही गॅरेज गाठावं लागलं, तर "गॅस भरा" असं आपल्या तोंडाने सांगू नका. हायवेला कसा चालतो, सिग्नलला कसा, ते सांगा आणि मीटर लावून दोन्ही बाजूंचं प्रेशर दाखवायला लावा. मेकॅनिक गॅस भरायचाच म्हणाला तर गळती कुठे आहे ते विचारा. आधी जुना काढून, व्हॅक्यूम करून, मग वजनावर भरायला सांगा. याला जो तयार नसेल त्याच्याकडे गाडी देऊ नका.