तिथि ठरवून न येणारे

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते, तो अतिथि. परंतु हल्लीं तिथि, वेळ आणि पानांची संख्या अगोदर कळवून ऐन वेळीं न येणारांचा एक नवाच वर्ग उपाहारगृहांच्या मालकांस त्रास देऊं लागला आहे. उलटपक्षीं, आगाऊ घेतलेली रक्कम कांहीं झालें तरी परत न करणाऱ्या मालकांविषयीं गृहस्थांची तक्रार आहे. या तंट्यांत न्याय्य काय, हें प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखें आहे.

असें समजा कीं, घरांतील वडीलधाऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त पंचवीस पानें सांगून पांच हजार रुपये आगाऊ भरले, आणि आदल्या रात्रीं सुतक आलें. ‘रक्कम परत मिळणार नाहीं’ असें पावतीवर छापलेलें आहे. तर ती सगळी बुडाली काय?

1872 च्या भारतीय करार कायद्याचें 74 वें कलम याचें उत्तर देतें. करारांत दंडाचा आंकडा लिहिलेला असला, तरी तो केवळ वरची मर्यादा होय; मिळावयाची ती वाजवी भरपाई. 2015 सालीं सर्वोच्च न्यायालयानें कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यांत हें तत्त्व अधिक स्पष्ट केलें. दिल्ली विकास प्राधिकरणानें एका भूखंडाचा इसारा जप्त केला होता. पुढें तोच भूखंड अधिक किमतीस विकला गेला. नुकसानच झालें नाहीं तर भरपाई कशाची, या न्यायानें तो इसारा परत द्यावा लागला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही नुकसानीच्या मानानें भलताच दंड लादणारा करार अन्याय्य ठरवितो.

परंतु यावरून ‘जेवलों नाहीं, सबब सर्व पैसे परत’ असा हट्ट धरणें योग्य नव्हे. मालकानें भाजी आणविलेली असते, आचारी थांबविलेला असतो, दुसरीं गिऱ्हाइकें परत पाठविलेलीं असतात. भूखंड उद्यां विकतां येतो. आजच्या संध्याकाळचें रिकामें मेज उद्यां विकतां येत नाहीं. सुतक हें आपलें खरें संकट. पण त्याचा भार मालकाच्या माथीं कां? त्याचें जें खरोखर बुडालें, तें त्यास मिळालेंच पाहिजे. तेंच मेज दुसऱ्यांनीं भरलें असेल, तर मात्र सगळी रक्कम अडकवून ठेवण्याचा त्यास अधिकार नाहीं.

म्हणून बेत मोडतांच, त्याच रात्रीं, फोन करावा व लेखी निरोपही पाठवावा. दुःखाच्या घरीं हें कोणास सुचत नाहीं. यास्तव पावतीची एक प्रत शेजाऱ्यापाशीं किंवा स्नेह्यापाशीं अगोदरच असूं द्यावी. नंतर शांतपणें खर्चाचा हिशेब मागावा. बहुतेक तंटे एवढ्यानेंच मिटावेत. न मिटल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते, आणि दोन वर्षांच्या आंत ग्राहक आयोगाकडेही जातां येतें.

मात्र ज्यानें न येण्याचा निरोपच धाडला नाहीं, त्यानें हिशेब मागण्यापूर्वीं थोडें थांबावें. तरुण मंडळी हल्लीं एकाच रात्रीसाठीं तीन ठिकाणीं जागा राखून दोन ठिकाणीं फिरकतही नाहींत. घरच्या वडिलांनीं त्यांस हें एकदां स्पष्ट सांगणें जरूर आहे.