टोक एक, तार वेगळी : सीमाभागातील केबल बाजाराचा अर्थ

चोर्ला घाट ओलांडून खरेदीसाठी बेळगाव गाठणे ही गोव्यातील अनेक कुटुंबांची जुनी रीत. लग्नाचा बस्ता असो वा दिवाळीचे कपडे, खडेबाजार आणि गणपत गल्लीची फेरी ठरलेली. त्या पिशवीत आता मोबाईलच्या चार्जिंग केबलचीही भर पडली आहे. पुढे पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीपर्यंत जावे, तर तिथेही रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर रंगीत केबलींच्या माळा लटकलेल्या दिसतात. महागडा फोन दहा दुकाने फिरून घेणारा ग्राहक केबल मात्र चहा निवेपर्यंत घेऊन मोकळा होतो. या घाईची किंमत किती, हा प्रश्न आता गांभीर्याने विचारण्याची वेळ आली आहे.

त्याला कारण आहे ते एकाच प्रकारच्या जोडणीचे. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये 'यूएसबी टाईप-सी'चे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयफोननेही ही जोडणी स्वीकारली आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय महासंघाने ती नव्या मोबाईलसाठी सक्तीची केली. घरातील चार फोनांना एकच केबल चालावी, ही सोय मोठीच. मात्र या सोयीने एक भ्रमही जन्माला घातला. टोक सारखे म्हणजे केबल सारखी, असा सर्वसाधारण समज झाला. वास्तव तसे नाही.

फरक आतल्या तारेत असतो. तार जितकी बारीक, तितका तिचा विद्युतरोध जास्त. २८ गेजच्या तांब्याच्या तारेची एक मीटर केबल घेतली आणि तिच्यातून दोन अँपिअर प्रवाह नेला, तर जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांत मिळून सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. म्हणजे चार्जरने दिलेल्या पाच व्होल्टपैकी फोनपर्यंत जेमतेम ४.१५ पोहोचतात. २४ गेजची जाड तार असेल, तर ही तूट ०.३५ व्होल्टच्या आत राहते. तांब्याऐवजी वर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम वापरले, तर रोध दीडपटीहून अधिक होतो. हरवलेली वीज उष्णता होऊन केबल तापवते, तर व्होल्ट घटलेला फोन आपणहून प्रवाह कमी करतो. दोष चार्जरला दिला जातो, प्रसंगी बॅटरीही बदलली जाते; खरा दोषी मात्र खिळ्याला तसाच लटकत राहतो.

जगाने याचा मोठा धडा पूर्वीच घेतला आहे. गुगलमधील अभियंता बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून बाजारातील टाईप-सी केबली स्वतः तपासायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आतील तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा संगणकच निकामी केला. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या अशा केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

सीमाभागातील खेड्यांत हा विषय अधिक जिव्हाळ्याचा ठरतो. वीज ज्या तासांत असते, त्याच तासांत फोन भरून घ्यावा लागतो. तो फोन आता शेतकऱ्याचे पासबुक, दुकानदाराचा गल्ला आणि विद्यार्थ्याचा वर्ग आहे. अर्धवट भरलेली बॅटरी म्हणजे अडलेला व्यवहार.

मग ग्राहकाने पाहायचे काय? अडॅप्टर, पॉवर बँक आणि मोबाईल यांना मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. पण अडॅप्टरवरचा क्रमांक अडॅप्टरपुरताच असतो. वेगळ्या घेतलेल्या केबलची हमी तो देत नाही. केबलचे पाकीट मात्र २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांखाली येते. त्यावर उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. वेगवान चार्जिंगसाठी अँपिअर वा वॅटचा आकडा पाहावा. टाईप-सी केबल तीन अँपिअरपर्यंत साधी चालते. पाच अँपिअरसाठी तिच्यात ओळख देणारी चिप लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पक्के बिल. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण ग्राहकाच्या हक्काला राज्याची सीमा आडवी येत नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. बेळगावात फसलेला फोंड्याचा ग्राहक गोव्यातच तक्रार करू शकतो. कोल्हापुरात खरेदी केलेला निपाणीकर बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाईन क्रमांक देशभर एकच आहे.

मात्र शंभर रुपयांच्या वस्तूसाठी कोणी आयोगाची पायरी चढत नाही, हे विक्रेते पुरते ओळखून असतात. म्हणूनच केवळ ग्राहकाच्या जागरूकतेवर विसंबून चालणार नाही. नाव-पत्ता नसलेल्या पाकिटांवर कारवाईचा अधिकार वैध मापन खात्याकडे आहे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या खात्यांनी सणासुदीच्या आधी या एकाच बाजारपट्ट्यात तपासणी केली, तरी निनावी माल बराच मागे हटेल. ग्राहक रोज सीमा ओलांडतो. तपासणीनेही ती ओलांडायला हरकत नसावी.