कुपीवरचे मिलिग्रॅम, कुपीतले पेप्टाइड

सेमाग्लुटाइडच्या मूळ रेणूवरील भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची; त्यानिमित्ताने पेप्टाइड-औषधांची चर्चा देशभर रंगली. प्रयोगशाळेतली एक साधी गोष्ट मात्र तीत मागेच राहिली : शीतशुष्क पेप्टाइडच्या कुपीवरचे वजन बहुधा निव्वळ पेप्टाइडचे नसते.

त्या पांढऱ्या भुकटीत पाण्याचा अंश असतो, शुद्धीकरणातून आलेले ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटही असते. ‘शुद्धता ९८ टक्के’ हा क्रोमॅटोग्राफीचा आकडा पाणी आणि क्षार जमेस धरत नाही.

उदाहरण घ्यावे. भुकटी ५ मिलिग्रॅम, निव्वळ पेप्टाइड ८० टक्के, रेणुभार १०००. त्यापासून केलेल्या १ मिलिलिटर द्रावणाची संहती ५ नव्हे, ४ मिलिमोलर भरते. ती ५ मानणाऱ्या विद्यार्थ्याला परिणामकारक संहती प्रत्यक्षाहून २५ टक्के जास्त दिसते आणि पुढचा प्रत्येक आलेख ती चूक निमूटपणे वाहत राहतो.

उपाय अवघड नाही. कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. थंड भुकटी हवेतला ओलावा ओढते. रेणूत ट्रिप्टोफॅन वा टायरोसिन असल्यास २८० नॅनोमीटरवर अवशोषण मोजावे आणि प्रत्येकी अनुक्रमे ५,५०० व १,४९० हे मोलर गुणांक धरून संहती काढावी. दोन्ही नसल्यास अमिनो आम्ल विश्लेषण करावे.

प्रात्यक्षिकांत विरलनाचे सूत्र पाठ करून घेतले जाते. सूत्रात घातलेला आकडा कुठून आला, हे क्वचितच विचारले जाते. जगाला जेनेरिक औषधे पुरवणाऱ्या देशाच्या प्रयोगवहीत ‘लेबलवरील वजन’ आणि ‘मोजलेली संहती’ असे दोन स्वतंत्र रकाने असायलाच हवेत.