इंजिन बंद पडणारच, पुढे काय?

विमानांच्या कसरती बघायला कुणाला आवडत नाही? लूप, रोल, उलटं उडणं... जालावर एक व्हिडिओ उघडला की शनिवारची सकाळ कशी जाते कळत नाही. पण उलट्या विमानात पेट्रोलचं काय होत असेल, हा प्रश्न कधी पडलाय का? टाकीतलं पेट्रोल छताकडे, इंजिनातलं तेल भलतीकडे, आणि इंजिनाने मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू राहायचं! म्हणून अशा बऱ्याच विमानांत टाकीत एक लवचिक नळी असते, टोकाला वजन लावलेली. पेट्रोल जाईल तिकडे तीही जाते. तेलाचीही वेगळी व्यवस्था असते.

एवढं करूनही इंजिन बंद पडतं. एकच असतं, त्यामुळे ते पडलं की विषय संपला. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो, आणि त्यासाठी परदेशात जायची गरज नाही.

एचपीटी-३२ 'दीपक'. एचएएलने बनवलेलं, १९७७ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, पुढे हवाई दलाचं अगदी सुरुवातीच्या प्रशिक्षणाचं विमान. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात गेलेली किती मुलं यावर शिकली असतील! शिकाऊ आणि प्रशिक्षक शेजारी-शेजारी बसायचे. पुढे लायकोमिंगचं २६० हॉर्सपॉवरचं इंजिन, क्षमता जवळजवळ ८.८ लिटर. कसरतींसाठीच बनवलेलं इंजिन आहे हे, आणि त्याच घराण्यातली इंजिनं जगभर वर्षानुवर्षं चालली आहेत. तरी दीपकमध्ये ते हवेत बंद पडायचं. ३१ जुलै २००९ ला हैदराबादजवळ एक विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. तोवरचा प्रसिद्ध झालेला हिशोब असा: १७ अपघात, १९ वैमानिक. त्यानंतर शंभराहून जास्त विमानं जमिनीवर आली ती आलीच.

संशय मुख्यतः इंधनप्रणालीवर होता. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, वाफेचा बुडबुडा अडकतो आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की विमान पडून तपास करणारे पोचेपर्यंत ती वाफ कधीच विरलेली असते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शनला क्रॅश होतो, टेस्टला होत नाही, आणि लॉगही नाही. असा बग ज्याने एकदा तरी शोधलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. मग काय होतं? नळीत एक बदल, पंपात एक बदल, सूचनापत्रक, आणि पुन्हा उड्डाणं चालू. प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी सापडला.

बग शोधू नये असं मी म्हणत नाही. पण एक इंजिन असलेल्या विमानात इंजिन बंद पडणं ही गृहीत धरायची गोष्ट आहे. सर्व्हर पडणार हे धरूनच आपण सिस्टिम बांधतो ना? समजा ३०० मीटर उंचीवर इंजिन थांबलं, आणि विमान दर ८ मीटर पुढे जाताना १ मीटर खाली येतंय. म्हणजे हातात २.४ किलोमीटर आणि साधारण एक मिनिट. त्यातच रीस्टार्ट, जागा शोधणं, रेडिओ. धावपट्टीकडे वळायला जावं तर वळणातच उंची संपते, म्हणून समोर दिसेल तिथे उतरा असं शिकवतात. समोर विजेच्या तारा असल्या तर? त्यात दीपक इंजिनाशिवाय तरंगण्यात फारच कच्चं, ही जुनी तक्रार. आणि इजेक्शन सीट नाही.

कुणी म्हणेल, त्या काळातल्या बहुतेक पिस्टन ट्रेनर विमानांत इजेक्शन सीट नसायचीच. मान्य. म्हणून पहिल्या दोन-चार अपघातांबद्दल मी डिझाइन करणाऱ्यांना बोल लावणार नाही. पण सतरा? अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट दीपकला लावायचा विचार झाला, तो विमानं उभी राहिल्यानंतर! जगात छोट्या विमानांना अशी पॅराशूट त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होती. इंजिन कधी दुरुस्त होईल याची वाट न बघता ते आधी करता आलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं थोडक्यात. दीपक गेल्यावर नवशिक्यांना थेट किरण या जेटवर बसवावं लागलं. किरणला इजेक्शन सीट होती, पण विमानं अपुरी, म्हणून शिकण्याचे तास कापले गेले. २०१३ मध्ये स्विस पिलाटस पीसी-७ आलं, टर्बाइनचं, इजेक्शन सीटवालं. ४ डिसेंबर २०२३ ला तेलंगणात त्यातलंही एक पडलं आणि दोघे गेले. म्हणजे सीट असली की माणूस वाचतोच असं नाही. पण दीपकमध्ये बसलेल्याला ओढायला ते हँडलच नव्हतं.

एचएएलच्या नव्या एचटीटी-४० मध्ये ते आहे, जमिनीवर उभ्या विमानातूनही बाहेर फेकणारं. ७० विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. दीपक उभं राहिलं त्याला तेव्हा जवळजवळ चौदा वर्षं झाली होती.