भाड्याची मोटार : सोय पर्यटकांची, जोखीम कुणाची?

कोल्हापूर - सुटीत गोव्याकडे निघणाऱ्या कोल्हापूरकरांपुढे चालकासह गाडी करायची की स्वतः चालविण्यासाठी मोटार भाड्याने घ्यायची, असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात चालकाचा भत्ता वाचतो, शिवाय आंबोलीत किती वेळ रेंगाळायचे, हे कुटुंबालाच ठरविता येते. मात्र, पावसाळ्यात धुक्याने वेढलेला घाट अनोळखी गाडीने उतरणे सोपे नसते. गाडीला ओरखडा उठला, तर अनामत रकमेवरून वादही होऊ शकतो.

याहून मोठी जोखीम नंबर प्लेटवरून कळते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ नुसार केंद्राने १९८९ मध्ये 'रेंट अ कॅब' योजना आणली. अशा परवानाधारक गाड्यांच्या काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे असतात. मूळ योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट होती. छोट्या व्यावसायिकाला ती पेलणे अवघड. त्यामुळे पांढऱ्या प्लेटची खासगी गाडीच भाड्याने देण्याची पळवाट शोधली जाते. अशा गाडीला अपघात झाल्यास, विम्याच्या अटींचा भंग झाला म्हणून कंपनी भरपाई नाकारू शकते. मग दुरुस्तीच्या खर्चावरून मालक आणि पर्यटक यांच्यात जुंपते.

केवळ कारवाईने हा व्यवहार थांबणार नाही. छोट्या व्यावसायिकांना झेपेल असा कायदेशीर मार्ग हवा. तोवर पर्यटकांनी दर विचारण्याआधी प्लेट आणि विम्याची कागदपत्रे पाहणेच शहाणपणाचे.