शांत मुलांचा आजार

तान्हे बाळ फारसे रडत नाही, पाजले की तासन् तास झोपते, रात्री कोणाला उठवीत नाही, असे दिसले की घरात त्याचे कौतुक होते. आजी त्याला गुणाचे म्हणते; शेजारणी आईच्या भाग्याचा हेवा करतात. शाळेतही मागच्या बाकावर गडबड न करता बसणारे, खेळाच्या तासाला एका बाजूस उभे राहणारे मूल शिक्षकांना बरेच वाटते. बहुतेक वेळा या कौतुकात गैर काही नसते. परंतु हजार-बाराशे बाळांत एखादे असे निघते की, त्याचा शांतपणा हा त्याचा स्वभाव नसून आजाराचे लक्षण असते, आणि घरचे कौतुक करीत असतानाच त्याच्या मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जात असतात.

गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. शरीराचा उष्मा, हृदयाची गती, हाडांची वाढ आणि आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण या साऱ्यांचा कारभार त्यावर चालतो. काही मुलांत ही ग्रंथी जन्मतःच नसते, अपुरी असते किंवा भलत्या जागी असते. काहींत ती शालेय वयात शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या उलट्या हल्ल्याने हळूहळू निकामी होते. हा दुसरा प्रकार मुलींत अधिक आढळतो. पहिल्या प्रकारात बुद्धीची हानी होते व ती मागाहून भरून येत नाही. दुसऱ्यात मेंदू बहुतांशी घडून गेलेला असल्याने बुद्धी वाचते, पण उंची खुंटते आणि मूल थकलेले, सुजट, थंडीने कुडकुडणारे असे दिवस कंठीत राहते.

विशेष खेदाची बाब ही की, या रोगापुढे वैद्यकशास्त्र हतबल नाही. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून असे रुग्ण सुधारतात हे इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्येच दाखविले. अमेरिकेत केंडाल यांनी १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयारही झाले. उरली होती ती वेळीच ओळखण्याची अडचण. जन्मतः हे बाळ इतरांसारखेच दिसते, कारण आईचे थोडे थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळालेले असते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, बाहेर आलेली बेंबी, जाड जीभ, घोगरे रडणे ही लक्षणे ठळक होईपर्यंत उशीर झालेला असतो. ही अडचणही कॅनडातील क्युबेक प्रांतात जाँ द्युसो यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांतच दूर केली. बाळाच्या टाचेतून काढलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून तो तपासला की निदान होते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल चारचौघांसारखे शिकते, वाढते. एका बाजूस एक थेंब रक्त आणि एका चहाहूनही कमी किमतीची रोजची गोळी, दुसऱ्या बाजूस आयुष्यभराचे मतिमंदत्व. इतका स्वस्त सौदा सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच आढळेल.

भारतात हे ज्ञान उशिरा आले असेही नाही. मुंबईत डॉ. मीना देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकातच हजारो नवजातांची अशी तपासणी करून तिच्या अडचणी व उपाय लिहून ठेवले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच महानगरांत एक लाखाहून अधिक बाळे तपासली, तेव्हा सुमारे अकराशे तीस बाळांमागे एकास हा आजार आढळला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण बराच काळ तीन-चार हजारांत एक असे धरले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्याकडील निकड किती मोठी हे कळते. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक मुले जन्मास येतात. या हिशेबाने त्यांत हजारावर बालकांना हा आजार असणार. गोव्याने २००८ मध्ये सरकारी इस्पितळांतील नवजातांसाठी अशी तपासणी सुरू केली व काही वर्षे चालविली; केरळनेही तो मार्ग धरला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. पण त्याच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत हा आजार नोंदला गेला तो ‘ऐच्छिक’ या शब्दाच्या शेपटीसह. ज्याच्या निदानास आठवड्यांची मुदत आहे तो आजार ऐच्छिक कसा? मोठ्या शहरातील खाजगी प्रसूतिगृहात पैसे भरून ही तपासणी होते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईला तिचे नावही कोणी सांगत नाही.

अडचणी नाहीत असे नव्हे. पहिल्या दिवसात बाळाच्या रक्तातील टीएसएच स्वाभाविकपणेच वाढलेले असते, म्हणून टाचेचा नमुना दोन दिवसांनंतर घ्यावा लागतो. आणि खाटांच्या टंचाईमुळे बाळंतिणीला तोवर घरी पाठविलेले असते. पण नाळेतील रक्त तपासूनही हे काम भागते, त्यासाठी बाळाला टोचावेही लागत नाही. खरी कसोटी पुढे आहे. नमुना सदोष निघाल्यावर त्या मातेला आठवड्याच्या आत शोधून काढायचे, ती माहेरी असेल तर माहेरी गाठायचे, हे काम यंत्राचे नव्हे, माणसांचे आहे. लसीकरणासाठी बाळाचा माग काढणाऱ्या आशा सेविका गावोगाव आहेत. त्यांना हेही काम नेमून द्यावे आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. तो द्यायला मात्र आपली शासने नेहमीच हात आखडतात.

काही सुशिक्षितांचा असा समज असतो की, आयोडीनयुक्त मीठ घरात आले तेव्हा हा प्रश्न मिटला. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी केलेल्या प्रयोगाने अशा मिठाने गलगंड ओसरतो हे सिद्ध केले, आणि १९६२ मध्ये त्यावरून राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. ते यश मोठेच आहे. पण जी ग्रंथी जन्मतःच नाही, किंवा जी शरीरानेच पोखरली आहे, तिला मिठातील आयोडीन काय उपयोगाचे?

शाळेत सुरू होणाऱ्या प्रकाराची चाहूल कोठे लागते? ती डॉक्टरांच्या आधी प्रगतिपुस्तकात लागते. त्यात उंची आणि वजन अशी दोन घरे असतात. वर्षाकाठी पाच-सहा सेंटिमीटर वाढणारे मूल जेव्हा चारच्याही आत अडकते, आणि वजन मात्र वाढत राहते, तेव्हा निदान त्या दोन घरांत लिहिलेले असते. पण ती घरे कशी भरली जातात हे शिक्षकांना ठाऊक आहे. निकालाच्या घाईत मागील आकड्यात दोन मिळविले जातात. शिपाई भिंतीवरच्या खुणेशी मुलांना उभे करतो आणि कोणी पायांतले बूट काढतो, कोणी काढीत नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे ज्यांच्या गळ्यात मारली जातात त्या शिक्षकांना यासाठी दोष देणे सोपे आहे. तरीही एवढे म्हटले पाहिजे की, वर्षातून दोनदा नीट मोजलेली उंची ही शाळेत होणारी सर्वांत स्वस्त वैद्यकीय तपासणी आहे.

निदान झाल्यावर घरातील परीक्षा सुरू होते. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावयाची, मोठ्या मुलाने सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी. तान्ह्याला ती चमच्यात थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात चुरून, बाटलीभर दुधात मिसळून नव्हे. लोह आणि कॅल्शियम यांच्यापासून ती चार तास लांब ठेवावयाची, कारण ती द्रव्ये तिला आतड्यातच अडवितात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर घेतली तर हे अंतर आपोआप राखले जाते. पहिल्या वर्षी महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवावयाची, पुढे तपासण्या विरळ होतात. यांत काहीच अवघड नाही. अवघड आहे ते सातत्य. अहवाल ठीक आला की ‘आता बरे झाले’ म्हणून गोळी बंद करणारी घरे असंख्य आहेत. अहवाल ठीक आला तो गोळीमुळेच, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. जन्मजात आजार असलेल्या काही मुलांत तो तात्पुरता असतो हे खरे, पण त्याची परीक्षा साधारण तीन वर्षांनंतर डॉक्टरांनी करावयाची असते. मुलगी असेल तर आणखी एक भीती घरात वावरते: ‘जन्माची गोळी’ चालू आहे हे कळले तर पुढे लग्न कसे जमेल? मग बाटली कपाटात मागे सरकते.

मागे सरकलेल्या बाटलीच्या जागी पुढे येते ते टॉनिक. मूल थकलेले दिसले की जीवनसत्त्वांचा शोध घेणे हा मध्यमवर्गाचा आवडता उपाय आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी २४ टक्क्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची आणि ३१ टक्क्यांत ‘बी-१२’ची कमतरता आढळली. तेव्हा थायरॉईडच्या रुग्णात या उणिवा असणे नवल नव्हे, आणि त्या भरून काढल्याच पाहिजेत. परंतु एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही. किंबहुना औषध देऊनही जीवनसत्त्वे पुनःपुन्हा कमी येत असतील तर ‘का’ हे विचारावे लागते. प्रतिकारशक्तीच्या गोंधळातून थायरॉईड बिघडलेल्या मुलांत गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअॅक रोगही इतरांपेक्षा अधिक आढळतो. त्यात आतडे लोह घेत नाही, ‘ड’ घेत नाही आणि थायरॉईडची गोळीही पुरती घेत नाही. अशा मुलास चौथे टॉनिक देऊन काय साधणार?

टॉनिकांचा उपद्रवही असतो. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत थायरॉईडचा अहवाल खोटा करते, आणि कमी पडणारी मात्रा पुरेशी किंवा जास्त भासते. म्हणून तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे लागते व डॉक्टरांना सांगावे लागते. साठ हजार युनिटांची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी ठरावीक आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते. ती महिनोन् महिने चालू ठेवली तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, प्रसंगी मूत्रपिंडास इजा असे ओढवते. आणि ते बद्धकोष्ठ पुन्हा थायरॉईडच्याच खात्यात जमा होते.

उपचार लागू पडू लागल्यावरची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दीर्घकाळ मंदावलेले शरीर जागे होते तेव्हा काल-परवापर्यंत निमूट बसणारे मूल चुळबुळ करू लागते, उलटून बोलते, त्याचे लक्ष उडते, एखाद्या चाचणीत गुणही घसरतात. घरचे घाबरून गोळीला दोष देतात, शाळेतून तक्रारीची चिठ्ठी येते. डॉक्टरांना विचारून मात्रा तपासून घ्यावी, पण गोळी थांबवू नये. काही महिन्यांत हे निवळते. त्या मुलाच्या दप्तरात आजाराची एक ओळ लिहिलेला कागद असला, आणि वर्गशिक्षकांनी तो वाचलेला असला, तर ती चिठ्ठी घरी येणार नाही.