वांकडा कणा आणि वांकडा न्याय

ज्याचा कणा वाढत्या वयांत वांकला, त्याच्या पाठीचें दुखणें कित्येकदां त्यास जन्मभर सोबत करतें. अशा रुग्णास वैद्याच्या देखरेखीखालीं गांजा औषध म्हणून मिळावा काय, हा प्रश्न निघतांच आमचे नीतिरक्षक भुंवया चढवितात. त्यांना आमचा एकच सवाल आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें या झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, निषिद्ध ठरविला. पानांची भांग मात्र व्याख्येबाहेर ठेविली. म्हणजे होळीच्या मौजेकडे मध्यवर्ती कायद्याची डोळेझांक आणि वेदनेला तुरुंगाचा धाक, हा कोठला न्याय? याच कायद्याचें आठवें कलम वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठीं अपवाद करितें. पण गांजापुरता तो अपवाद बव्हंशीं कागदावरच राहिला. अफू गांजाहून कितीतरी घातक. तरी तिच्यापासून निघणारें मॉर्फिन रुग्णांस सुलभ व्हावें म्हणून २०१४ सालीं कायदा दुरुस्त झालाच ना?

गांजानें कणा सरळ होत नाहीं. सर्वांचीच वेदना त्यानें शमते असेंही नाहीं. गुंगी, सवय आणि मनोविकार यांचें भय खरें आहे. परंतु हीं कारणें मात्रा ठरविण्याचीं आहेत, दार लावून घेण्याचीं नव्हेत. डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें गांजास सर्वांत कडक अशा चौथ्या यादींतून वगळलें, तेव्हां भारताचें मत वगळण्याच्याच बाजूनें पडलें. जगाच्या सभेंत ज्यांनीं हात वर केला, त्यांनीं घरच्या रुग्णापुढें तरी हात वर करूं नयेत.